चाकातील हवा

रस्त्यावरून भरधाव जाणारी मोटार पाहिली म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम तिच्या रंगाकडे जाते, मग तिच्या वेगाकडे. पाहणारा जाणकार असला, तर तो तिच्या इंजिनाची चौकशी करतो. परंतु ही एवढी अवजड गाडी नेमकी कशाच्या आधारावर उभी आहे, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येतो. चाकांच्या आधारावर, असे उत्तर कोणीही देईल. ते खोटे नाही. पण पुरेही नाही. चाकाचा धातूचा भाग जमिनीला टेकत नाही. जमिनीला टेकतो तो रबरी टायर. पण त्या टायरमधील हवा काढून घेतली, तर तो पाहता पाहता चपटा होतो आणि गाडी एका बाजूला कलते. रबर तेच, चाक तेच. गेली ती केवळ हवा. यावरून उघड होते, की गाडीचा भार मुख्यतः टायरात कोंडलेली हवाच पेलत असते.

डोळ्यांना न दिसणारी ही हवा किती असावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात गाडीत बसलेल्यांची, आणि रस्त्यावरून चालणाऱ्यांचीही, सुरक्षितता त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

माणसाला चाक हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. पण चाकात हवा कोंडण्याची कल्पना त्या मानाने अगदी अलीकडची. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून बसवितो ती लोखंडी धाव, हेच शतकानुशतके चाकाचे पादत्राण होते. धावेमुळे चाक झिजत नसे. पण वाटेतील प्रत्येक दगडाचा धक्का आसाला, गाडीला आणि गाडीत बसलेल्यांच्या हाडांना जसाच्या तसा पोहोचे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडईयर या अमेरिकन संशोधकाला गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. पुढे १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या पोकळ रबरी टायरचे पेटंट घेतले. परंतु त्या वेळी रस्त्यावर मोटारीही नव्हत्या आणि आजच्यासारख्या सायकलीही नव्हत्या. थॉमसनचा शोध लोक विसरून गेले.

यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी बेलफास्ट शहरातील जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेले टायर तयार केले. हे वर्ष होते १८८७. दुसऱ्याच वर्षी त्यांनी पेटंट मिळविले. पण थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर ते टिकले नाही. मात्र या वेळी शोध विस्मृतीत गेला नाही. १८९५ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी पॅरिसहून बोर्दो व तेथून परत पॅरिस अशा शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरविली. वाटेत टायर पुन्हा पुन्हा निकामी झाले आणि शर्यत काही जिंकता आली नाही. परंतु हवेवर मोटार धावू शकते, ही गोष्ट जगाला दिसली. आज महाराष्ट्रात साखर कारखान्यांकडे ऊस वाहून नेणाऱ्या बैलगाड्यांनाही टायर बसविलेले दिसतात.

हवा एवढे ओझे पेलते तरी कशी? सायकलच्या पंपाने हवा भरताना याचा अनुभव येतो. सुरुवातीला दट्ट्या सहज खाली जातो. पण टायर भरत आला, की तो दाबताना हाताला जोर लावावा लागतो. थोड्या जागेत अधिक हवा कोंडली, म्हणजे ती सर्व बाजूंना रेटा देते. एक चौरस इंच जागेवर हा रेटा किती पौंड पडतो, यावरून त्याचे माप सांगण्याची पद्धत आहे. पेट्रोल पंपावर हवा भरताना ‘तीस’ किंवा ‘बत्तीस’ असे जे आकडे ऐकू येतात, ते याच मापातील असतात. दर चौरस इंचास ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम.

आता एक साधा हिशेब करून पाहता येईल. माणसांसह एका मोटारीचे वजन १२०० किलोग्रॅम आहे आणि ते चारही चाकांवर सारखे पडले आहे, असे समजू. प्रत्येक चाकावर ३०० किलोग्रॅम भार येईल. टायरातील हवा दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलोग्रॅम भार पेलते. तर ३०० किलोग्रॅम पेलण्यासाठी जमिनीला टेकलेली जागा किती हवी? ३०० भागिले २.१, म्हणजे सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर. टपाल खात्याच्या पोस्टकार्डाहून ही जागा किंचित मोठी आहे, एवढेच. अशा चार जागा एकत्र केल्या, तरी छपाईचा एक ए-४ कागद पुरता झाकला जाणार नाही! टायरच्या रबराचा ताठपणाही थोडा भार उचलतो, म्हणून हा हिशेब स्थूल मानाचाच समजावा. परंतु त्यातून एक मोठी गोष्ट कळते. भरधाव मोटार जमिनीला धरून राहते ती एवढ्याशा चार जागांच्या बळावर. वळण घ्यावयाचे असो, अथवा रस्त्यात अचानक आलेल्या मुलासाठी गाडी थांबवावयाची असो, सारी भिस्त या चार जागांवर असते. आणि त्या जागा किती मोठ्या असाव्यात व त्यांचा आकार कसा असावा, हे आतील हवा ठरविते.

याच हिशेबाने हवा कमी झाली तर काय होते, हेही समजते. दाब ३० वरून २० पौंडांवर आला, की तोच भार पेलण्यासाठी टायरला अधिक जमीन धरावी लागते. म्हणून तो खाली बसतो, पसरतो आणि त्याच्या दोन्ही बाजू फुगतात. अशा टायरच्या कडा लवकर झिजतात. त्याला पुढे ढकलण्यासाठी इंजिनाला अधिक श्रम पडतात आणि पेट्रोलही अधिक जळते. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलेले असेल, तर ते बाजूला सारण्याची त्याची शक्तीही कमी होते व गाडी पाण्यावरून घसरण्याचा धोका वाढतो.

यांहूनही मोठा धोका उष्णतेचा. एखादी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून सरळ केली, तर थोड्याच वेळात ती जागा हाताला गरम लागते. टायरचेही तसेच घडते. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीवर येतो तो दबतो, आणि वर जाताच पुन्हा पूर्ववत होतो. ज्या टायरचा व्यास ६० सेंटिमीटर आहे, तो ताशी १२० किलोमीटर वेगाने धावताना सेकंदाला जवळजवळ १८ फेऱ्या करतो. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना असे चाक सुमारे पावणेचार लाख वेळा फिरेल. म्हणजेच टायरचा प्रत्येक भाग पावणेचार लाख वेळा दबेल आणि सरळ होईल. हवा योग्य असली, तर हे दबणे थोडके असते व उत्पन्न होणारी उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. हवा कमी असली, की प्रत्येक फेरीत टायर अधिक वाकतो आणि अधिक तापतो. तशात गाडीत भरपूर ओझे, वेग मोठा आणि वर वैशाखाचे ऊन, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! रबर आणि त्याच्या आतील तारांचे थर यांची पकड सुटू लागते आणि अखेर टायर फुटतो.

असे प्रसंग केवळ कल्पनेतले नाहीत. २००० साली अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ‘एक्सप्लोरर’ या गाडीला बसविलेल्या काही फायरस्टोन टायरांचा प्रश्न सर्व देशभर गाजला. गाडी वेगात असताना या टायरांचा वरचा थर सुटून येई आणि गाडी उलटे. अशा अपघातांत २०० हून अधिक माणसे दगावली. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात सुमारे ६५ लाख टायर परत मागविण्यात आले. सरकारी तपासात काही टायरांच्या बांधणीतच दोष आढळला. परंतु वाद टायरच्या बांधणीपुरता राहिला नाही. या गाडीच्या टायरांत २६ पौंड हवा ठेवावी, असे मोटार कंपनीने सांगितले होते. ती ३० पौंड असावयास हवी, असे टायर कंपनीचे म्हणणे पडले. अवघ्या चार पौंडांचा हा फरक. पण दोन मोठ्या कंपन्यांत त्यावरून उघड वाद झाला. त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला. हवा कमी होताच चालकाला दिवा लावून सूचना देणारे यंत्र गाडीत असावे, असे त्या कायद्यान्वये ठरले. आणि सप्टेंबर २००७ पासून तेथे तयार होणाऱ्या सर्व नव्या हलक्या गाड्यांना ते बंधनकारक झाले.

कमी हवा एवढी वाईट, तर मग टायर भरपूर फुगवावा, असे कोणास वाटेल. पण अति तेथे माती, ही म्हण येथेही खरी ठरते. हवा फार झाली, की टायरचा मधला भाग फुगून वर येतो आणि तेवढाच जमिनीला टेकतो. आधीच लहान असलेली ती पोस्टकार्डाएवढी जागा आणखी आकसते. रस्त्यावरील पकड कमी होते, आणि टायर मध्यभागी झिजू लागतो. शिवाय असा टायर दगडासारखा ताठर होतो. खड्ड्याचा धक्का स्वतःत जिरविण्याऐवजी तो गाडीला आणि आतील माणसांना देतो. खड्ड्याच्या धारदार कडेवर आपटून तो स्वतःही जायबंदी होण्याचा संभव असतो. ज्या त्रासातून सुटण्यासाठी माणसाने चाकात हवा भरली, तोच त्रास अधिक हवेमुळे परत येतो.

तर मग योग्य दाब कोणता? सर्व गाड्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. गाडीचे वजन, ते पुढच्या व मागच्या चाकांवर कसे विभागले आहे, टायरचा आकार केवढा, या सर्वांचा विचार करून गाडी बनविणारे अभियंते तो ठरवितात. हा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर छापलेला असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस आढळतो, आणि गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतही दिलेला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी तो वेगवेगळा असू शकतो. गाडीत एकदोन माणसे असताना एक आकडा आणि पाच माणसे व सामानसुमान असताना दुसरा, अधिक आकडा, असेही पुष्कळदा दिलेले असते. सहकुटुंब यात्रेला निघालेल्या मंडळींनी हा दुसरा आकडा अवश्य पाहावा.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. टायरच्या बाजूवरही दाबाचा एक आकडा कोरलेला आढळतो. पुष्कळ लोक त्यालाच योग्य दाब समजून तेवढी हवा भरवून घेतात. परंतु तो आकडा त्या टायरसाठी सांगितलेल्या कमाल दाबाचा असतो. तो टायर अनेक प्रकारच्या गाड्यांना बसत असल्यामुळे कोणत्या गाडीला किती हवा हवी, हे टायर सांगू शकत नाही. ते गाडीवरील पट्टीच सांगू शकते.

दाब किती हवा हे कळले, तरी तो केव्हा मोजावा हा प्रश्न उरतोच. हवा तापली की तिचा रेटा वाढतो आणि थंड झाली की कमी होतो. मोटारीच्या टायरात तपमान १० अंश सेल्सिअसने बदलले, तर दाब सुमारे दीड पौंडाने बदलतो. नागपूरच्या एखाद्या गाडीत मे महिन्यात ४२ अंश तपमान असताना ३२ पौंड हवा भरली, असे समजू. डिसेंबरातील पहाटे तपमान १२ अंशांवर उतरले, म्हणजे हवा कोठूनही न गळता दाब साडेसत्तावीस पौंडांच्या आसपास येईल. शिवाय चांगल्या टायरातूनही दरमहा एखादा पौंड हवा झिरपत असते. तेव्हा एकदा भरलेली हवा वर्षभर पुरेल, असे मानणे भाबडेपणाचे होय.

गाडी धावली की टायर तापतो आणि दाब आपोआप तीनचार पौंडांनी, कधी त्याहूनही अधिक वाढतो. पट्टीवरील आकडा हा थंड टायरचा असतो. म्हणून गाडी निदान तीन तास उभी असेल, अथवा दीड-दोन किलोमीटरांहून अधिक चालली नसेल, तेव्हाच दाब मोजावा. दूरचा प्रवास करून आलेल्या गाडीचा दाब अधिक दिसला, म्हणून हवा सोडून देणे ही मोठी चूक ठरते. टायर निवाला की तीच हवा कमी पडते. पंप घरापासून लांब असेल, तर एक सोपी युक्ती आहे. सकाळी घरीच दाब मोजून किती हवा कमी आहे ते टिपून ठेवावे, आणि पंपावर पोहोचल्यावर तेथे जो आकडा दिसेल त्यात तेवढीच भर घालावी. घरी ३२ ऐवजी २७ पौंड भरले आणि पंपावर तेच माप ३० दिसले, तर ३५ होईपर्यंत हवा भरावी. टायर थंड झाल्यावर दाब बरोबर ३२ वर येईल.

दाब मोजण्याचे काम डोळ्यांवर सोपवू नये. पायाने टायरला ठोकर मारून किंवा नुसते पाहून हवा ठरविण्याची सवय अनेकांना असते. परंतु हल्लीच्या रेडियल जातीच्या टायरांच्या बाजू मुळातच थोड्या फुगीर दिसतात. त्यामुळे पाचसात पौंड हवा कमी असली, तरी तो टायर बहुधा भरलेलाच वाटतो. दाबमापक हे उपकरण लहानसे व फारसे महाग नसते. ते घरी असलेले बरे. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी त्याने सर्व टायर तपासावेत. सूचना देणारा दिवा गाडीत असला, तरी हा नियम सोडू नये. अमेरिकेतील नियमाप्रमाणे दाब ठरलेल्या मापाच्या चतुर्थांशाने घटला, की हा दिवा लागावा लागतो. म्हणजे जेथे ३२ पौंड हवेत, तेथे २४ पौंड उरेपर्यंत तो विझलेलाच राहू शकेल. दिवा धोका सांगतो. काळजी घेण्याचे काम माणसाचेच.

तपासणी करताना पाचव्या चाकालाही विसरू नये. अडचणीच्या वेळी उपयोगी पडणाऱ्या या जादा चाकाला आपल्याकडे ‘स्टेपनी’ म्हणतात. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास तेथील कारखानदारांनी असे जादा चाक विकावयास आरंभ केला, आणि रस्त्याचे नाव चाकाला मिळून ते थेट भारतापर्यंत आले. परंतु गाडीच्या पोटात महिनोन्महिने पडून राहिलेल्या स्टेपनीची हवाही झिरपत असते. आडवाटेवर रात्रीच्या वेळी चाक बदलावयास जावे आणि स्टेपनीच चपटी निघावी, यासारखी फजिती नाही.

काही ठिकाणी साध्या हवेऐवजी पैसे घेऊन नायट्रोजन वायू भरून देतात. तो किंचित सावकाश झिरपतो, हे खरे. पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरल्यामुळे दाब तपासण्याच्या कामातून सुटका होत नाही. टायरात वायू कोणता आहे, यापेक्षा त्याचे माप बरोबर आहे की नाही, याला अधिक महत्त्व आहे.

मोटार चालविण्याचे वय अजून झाले नसले, तरी हे ज्ञान मुलांना आजही उपयोगी पडण्यासारखे आहे. सायकललाही हेच नियम लागू आहेत, आणि तिच्या टायरवरही दाबाची मर्यादा बहुधा छापलेली असते. घरातील गाडी प्रवासास निघत असता चाकांतील हवा पाहिली का, एवढा प्रश्न विचारण्यास कोणतेही वय लहान नाही. दाबमापक लावून चार टायर तपासावयास पाच मिनिटे पुरतात. तेवढ्या श्रमाने घरातील सारी माणसे ज्या चार लहानशा जागांच्या भरवशावर प्रवास करणार असतात, त्या जागा भरवशाच्या राहतात.